पोराचा गुडघा मैदानात गेला तर काय करायचं, आणि पुढची वीस वर्षं तो कसा जपायचा

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठंही जा, गावातलं कबड्डीचं मैदान म्हणजे बहुतेक काळी मातीच. रेडर झटक्यात वळतो, पाय जागीच रुततो, वरचं अंग फिरतं, गुडघा आत जातो आणि "खट्" आवाज येतो. पोराला हा आवाज जाणवला असेल आणि तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला असेल तर नुसता मुरगळलाय म्हणून सोडू नका, आत रक्त साचलेलं असतं आणि बऱ्याचदा एसीएल नावाचं लिगामेंट, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा दोरीसारखा पट्टा, तुटलेलं असतं. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली, गुडघा मधेच अडकतो, सरळ होत नाही, तर गुडघ्यातली गादी (मेनिस्कस, दोन हाडांमधली मऊ चकती) फाटल्याची शंका घ्यायची.

खेळ तिथंच थांबवा. "चल भो, एक रेड मार, मोकळा होईल" म्हणणारे असतातच, त्यांचं अजिबात ऐकू नका. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. घरी फ्रीज नसेल तर रसवंतीवाल्याकडे मिळतो, नाहीतर किराणा दुकानातल्या पेप्सीच्या गोठलेल्या पिशव्या चालतात. क्रेप बँडेज बांधा पण बोटं बधिर होतील इतकं आवळून नको, आणि झोपताना पाय उशीवर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मालिशवाल्याकडे किंवा हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका, प्लीज. ताज्या मारावर गरम तेलाने रगडलं, शेकलं की आतलं रक्त आणि सूज वाढते, आणि तुटलेलं लिगामेंट मालिशने जुळत नाही. पोराला चार पावलं टाकता येत नसतील तर त्याच दिवशी एक्स-रे काढा, पाऊल गार पडलं, बधिर झालं किंवा गुडघा वाकडा दिसतोय तर एक मिनिट न थांबता मोठ्या दवाखान्यात. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे सगळं ठीक असं नसतं, लिगामेंट आणि गादी एक्स-रेत दिसत नाही, त्याला हाडांच्या डॉक्टरने हाताने तपासावं लागतं आणि गरज पडली तर एमआरआय.

खरी फसगत तीन-चार आठवड्यांनी होते. सूज उतरते, पोरगं चालायला लागतं, घरचे म्हणतात बरा झाला, मग स्पर्धेला नाव दिलं जातं. त्या वेळी शिंप्याचा टेप घ्या, गुडघ्याच्या वाटीच्या वर वीतभर अंतरावर दोन्ही मांड्या मोजा, दुखऱ्या पायाची मांडी बारीक भरली की समजायचं, गुडघ्याला धरून ठेवणारा स्नायूच सुकलाय. फिजिओने (व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट) परवानगी दिली की गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून खाली दाबायचं, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. नंतरचे व्यायाम त्यालाच विचारून वाढवा.

एसीएलचं ऑपरेशन झालं असेल तर 9 महिन्यांच्या आत मैदान नाही. त्याआधी उतरण्याची घाई केली तर पुन्हा तुटण्याचा धोका खूप वाढतो. 25 वर्षांखालचे जे खेळाडू परत खेळायला लागतात त्यांच्यात साधारण चारातल्या एकाला दुसऱ्यांदा एसीएलची दुखापत होते, कधी त्याच पायाला कधी दुसऱ्या. म्हणून महिने मोजून भागत नाही, दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के आहे का हे फिजिओकडून तपासून घ्या. पोलीस भरतीच्या 1600 मीटरची तयारी करणाऱ्या पोरांनाही हेच लागू, भरती पुढच्या वर्षी परत येते.

आणि हे आई-बापांना कुणी सांगतच नाही: एसीएल किंवा गादी फाटलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना 10 ते 20 वर्षांत गुडघ्याची झीज सुरू होते, म्हणजे पस्तिशीतच जिने चढताना त्रास. ऑपरेशन केलं म्हणून ही झीज टळते असंही नाही. हातात राहतं ते मांडीची ताकद आणि वजन, कारण एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो. घाबरून बसून राहू नका, सायकल, पोहणं, चालणं चालू ठेवा.

मुलींमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आहे, त्यामुळे खो-खो, कबड्डी खेळणारी पोरगी घरात असेल तर सरांना भेटून विचारा वॉर्मअप काय घेतात. फुटबॉलवाल्यांचा 'फिफा 11+' म्हणून वीस मिनिटांचा फुकट कार्यक्रम आहे, एका पायावर तोल, स्क्वॅट, उडी मारून गुडघे आत न जाऊ देता मऊ उतरणं, आठवड्यातून दोन-तीनदा केला तरी दुखापती बऱ्याच कमी होतात. दोन चकरा मारून थेट रेडला उभं करत असतील तर हा कार्यक्रम सरांना दाखवा, जमलं तर पहिले काही दिवस स्वतः उभं राहून करून घ्या.