हलक्या दुनळी रायफलसाठी काडतूस कसे निवडावे

रायफल आधीच हाती असेल, तर निवडीचे बरेचसे काम कारागिराने उरकलेले असते. दुनळीच्या नळ्या तोंडाकडे किंचित एकमेकींकडे वळवून एका ठरावीक वजनाच्या आणि वेगाच्या गोळीवर जुळवलेल्या असतात. गोळी नळीत असतानाच धक्क्याने रायफल बाजूला सरकू लागते आणि ते सरकणे हा कल भरून काढतो. त्यामुळे काडतूस संथ असेल तर उजव्या-डाव्या नळीच्या गोळ्या फाकतात आणि जास्त वेगवान असेल तर एकमेकींची रेषा ओलांडतात. म्हणून प्रथम नळ्यांवर कोरलेल्या खुणा वाचाव्यात. मात्र जुन्या रायफलीत केवळ नावावर विसंबू नये. ८×५७ आयआर या काडतुसाची गोळी ०.३१८ इंच व्यासाची, तर ८×५७ आयआरएसची ०.३२३ इंच व्यासाची असते आणि जाड गोळी अरुंद नळीत घालणे धोक्याचे आहे.

नवी रायफल घ्यायची असेल, तर आधी तिचे वजन ठरवावे. तेच काडतूस ४.५ किलोऐवजी ३.६ किलोच्या रायफलीतून झाडले, तर धक्क्याची ऊर्जा सव्वापट होते. दुसरी गोळी तत्काळ आणि नेमकी झाडता येत नसेल, तर दुनळी बाळगण्यात काय अर्थ? पाचशे ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळी फेकणारे .४७० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस म्हणूनच सुमारे पाच किलोच्या रायफलीत शोभते.

त्यानंतर काडतुसाचे बूड पाहावे. मोडून उघडणाऱ्या रायफलीत बुडाशी कडा असलेले काडतूस सरस ठरते, कारण ते बाहेर ढकलणाऱ्या भागाला पकड मिळते; कडा नसेल तर तिथे स्प्रिंगची नाजूक कळ बसवावी लागते. दाबही माफक असावा, म्हणजे रिकामे कवच अडकत नाही. .३७५ मॅग्नमची कडा असलेली आवृत्ती १९१२ साली निघाली, ती अशाच रायफलींसाठी. माझी पसंती मात्र ९.३×७४ आर या काडतुसाला आहे: २८६ ग्रेनची गोळी, सेकंदाला सुमारे ७२० मीटर वेग आणि साडेतीन किलोच्या आसपासच्या रायफलीत सोसवणारा धक्का. रानरेड्यासारख्या जनावरासाठी काही देशांत .३७५ इंच व्यास ही किमान मर्यादा आहे आणि ९.३ मिमी त्याहून किंचित कमी भरते, म्हणून तेथील नियम आधी तपासावा.

शेवटी कागदावर पारख करावी. पन्नास मीटरवर, पुढचा लाकडी दस्ता हातात धरून आणि हात मऊ पिशवीवर टेकवून, उजवी व लगेच डावी नळी झाडावी; मग नळ्या पूर्ण थंड होऊ द्याव्यात आणि पुन्हा तशीच जोडी झाडावी. नळ्या थेट कठीण आधारावर टेकवल्यास निकाल फसवा येतो. चार जोड्या एकत्र पडल्या, की त्याच उत्पादन-खेपेची काडतुसे पुरेशी घेऊन ठेवावीत.