फवारणीआधी गावात खेळ घ्यायचाय? हे जमवून ठेवा

२०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात पराटीवर, म्हणजे कपाशीवर, कीटकनाशक फवारता फवारता २० च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. तेव्हापासून भाषणं लय झाली, पत्रकंही वाटली, पण मजूर भाषणात मान हलवतो अन् वावरात गेला की चोक झालेलं नोझल तोंडानंच फुंकतो. जे हातानं करायचं ते हातानंच शिकावं लागते, म्हणून पहिल्या फवारणीच्या आधी एक दिवस खेळाचा काढा.

दिवस बाजाराचा धरा, सकाळचा, त्या दिवशी लोक गावात सापडतात. बायांना बोलवाच, पाणी आणणं, कुठंकुठं औषध कालवणंही त्यांच्याचकडे असते अन् फवारलेल्या पराटीत निंदणाला त्याच जातात. पोरं येतीलच, त्यांना दुरून पाहू द्या पण पंप कोणाच्या पाठीवर देऊ नका, १८ च्या खालच्यानं फवारायचंच नाही.

आता सामान. पंप कोरा पाहिजे, म्हणजे ज्यात कधीच औषध पडलं नाही असा, धुतलेला जुना चालते असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका, कृषी केंद्रवाल्याला एका दिवसासाठी नवा मागून पाहा. पाण्यात मिठाईवाले वापरतात तो खायचा लाल रंग टाका, गुलाल नको, तो विरघळत नाही. जुने पांढरे सदरे अन् तोंडाला बांधायला पांढरं फडकं घरून आणायला सांगून ठेवा. मग तुराट्या रोवून दोन ओळी करा, एक गुडघ्याएवढी अन् एक डोक्याच्या वर, कारण २०१७ ला पराटी माणसाहून उंच झाली होती अन् फवारा सरळ तोंडावर, छातीवर येत होता. गडी दोन्ही ओळींतून फवारत जाईल, बाहेर आला की सगळ्यांनी मिळून त्याच्या अंगावरचे डाग मोजायचे. एकदा वाऱ्याच्या विरुद्ध चालवा, एकदा वाऱ्याच्या दिशेनं, फरक लोक स्वतःच बोलून दाखवतात. नाकाजवळच्या फडक्यावरचे डाग जरा जास्त वेळ पाहू द्या, दुपट्टा बांधला म्हणजे झालं असं म्हणणारे तिथं गप होतात.

घड्याळ मात्र लावू नका बाप्पा! बऱ्याच ठिकाणी मजुरी पंपावर ठरते, जेवढे पंप तेवढे पैसे, त्यामुळे घाई आधीच अंगात असते, अन् खेळातही पहिला आला त्यालाच बक्षीस दिलं तर आपण तीच घाई पक्की करतो. डाग कमी तो जिंकला, एवढाच नियम. बक्षीस रबरी हातमोज्यांचं ठेवा.

दुसऱ्या खेळाला डब्यांवरच्या लेबलचे मोबाइलवर फोटो काढून रंगीत प्रिंट घ्या, खरे रिकामे डबे अजिबात जमवू नका. लेबलवरच्या रंगीत खुणेप्रमाणे लाल, पिवळा, निळा, हिरवा, असे जास्त विषारीपासून कमीकडे ते प्रिंट ओळीनं लावायचे. लाल ओळखू येतो, त्यावर कवटी असते. हिरव्यावर थांबा, तो बिनधोक असं लय जण धरून चालतात, तोही विषच आहे, फक्त त्यातल्या त्यात कमी. अंगणात चुन्यानं सापशिडी काढली तर सापाच्या तोंडी हात न धुता खाल्लेला खर्रा (तंबाखू-सुपारीचा) अन् हातानं कालवलेलं औषध लिहा, शिडीला साबण.

शेवटचा खेळ कोणी पडलं तर काय करायचं याचा, त्याला आशाताई पाहिजेत. एकानं चक्कर आल्याचं सोंग घ्यायचं, बाकीच्यांनी त्याला वावराबाहेर काढायचं, कपडे उतरवायचे, साबणानं अंग धुवायचं (उचलणाऱ्यानं हातमोजे घालून), १०८ ला फोन करायचा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, तेलकट औषध छातीत जाऊ शकते. घाम, लाळ, धूसर दिसणं, डोळ्याची बाहुली बारीक होणं, ही लक्षणं मोठ्यानं म्हणवून घ्या. अन् डब्याचं लेबल दवाखान्यात सोबत गेलंच पाहिजे, न्यायला विसरले तर खेळ पुन्हा पहिल्यापासून. ऑर्गॅनोफॉस्फेट या प्रकारचं कीटकनाशक असलं तर डॉक्टर अॅट्रोपिन हा उतारा देतात, दुसऱ्या विषाला उपाय दुसरा, अन् चार औषधं एकत्र कालवली असली तर चारही नावं लागतात.

वावराच्या मालकांना आदल्या दिवशी घरी जाऊन निरोप द्या, नुसत्या व्हॉट्सअॅपवर येत नाहीत. त्यांच्याही पाठीवर पंप द्या. हातमोजे, चष्मा, मास्क कोण आणणार हे मजुरी ठरते तेव्हाच ठरलं पाहिजे, अन् ती गोष्ट खेळ झाल्या झाल्या तिथंच काढा, डागाचे सदरे अंगावर असतानाच.