दहावीनंतर शिकाऊ उमेदवारी: विदर्भातील ग्रामीण विद्यार्थी आणि पालकांसाठी

दहावीचा निकाल लागतो तेव्हा आमच्या वरोरा-भद्रावती भागात पेरणीपूर्वीची धांदल सुरू असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत "पोराला कंपनीत लावून देतो, लगेच पगार सुरू होईल" असे सांगणारी माणसे गावात येऊ लागतात. बियाण्याच्या आणि खताच्या पैशांची जुळवाजुळव करत असलेल्या घराला हे बोलणे पटकन पटते. ग्रामीण शाळेत शिकवताना मी पालकांना एकच प्रश्न आधी विचारायला सांगतो: मुलाचा शिकाऊ उमेदवारीचा करारनामा होणार आहे का, आणि तो शासनाच्या पोर्टलवर नोंदवला जाणार आहे का? उत्तर "नाही" असेल, तर मुलगा तिथे शिकायला जात नसून मजुरीला जात आहे, असे स्पष्ट समजावे.

शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप), म्हणजे विद्यावेतन घेत प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी व्यवसाय शिकणे, ही १९६१ च्या कायद्याने ठरवून दिलेली व्यवस्था आहे. तिच्यासाठी वयाची किमान अट १४ वर्षे आहे. मात्र धोकादायक उद्योगांतील व्यवसायांसाठी ती १८ वर्षे आहे, आणि खाणी व दारूगोळ्याचे कारखाने असलेल्या आपल्या भागात ही अट लक्षात ठेवलीच पाहिजे. ज्या आस्थापनेत, म्हणजे कारखान्यात, कंपनीत किंवा कार्यालयात, ३० किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात तिला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, म्हणून अर्ज करताना आपण कोणाकडे उपकार मागत आहोत असा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

दहावी झालेल्या विद्यार्थ्यापुढे प्रामुख्याने तीन मार्ग असतात. पहिला, थेट एखाद्या आस्थापनेत नवोदित उमेदवार म्हणून दाखल होणे. दुसरा, आयटीआयचा एक किंवा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मग त्याच व्यवसायात (फिटर, वीजतंत्री अशा ट्रेडमध्ये) शिकाऊ उमेदवारी करणे. तिसरा, अकरावी-बारावी व्यावसायिक अभ्यासक्रमातून पूर्ण करून तंत्रज्ञ (व्यावसायिक) शिकाऊ उमेदवार म्हणून वर्षभर प्रशिक्षण घेणे. घरची निकड फारच मोठी नसेल तर मी दुसरा मार्ग सुचवतो. रेल्वे, वेस्टर्न कोलफिल्ड्स, महावितरण, एसटीच्या विभागीय कार्यशाळा आणि आयुध निर्माणी यांच्या व्यवसाय शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती बहुतेक वेळा आयटीआय उत्तीर्णांसाठीच असतात, आणि थेट गेलेल्या मुलाला ही दारे सहसा बंद राहतात. आयटीआयचे प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून होतात. जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमिलेअर यांसाठी निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करावा, कारण निकालानंतर त्या केंद्रांवर गर्दी उसळते आणि दाखला हाती येईपर्यंत प्रवेशाची फेरी निघून जाते.

शिकाऊ उमेदवारीचा अर्ज अप्रेंटिसशिप इंडिया या केंद्र शासनाच्या पोर्टलवर करावा लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या उमेदवारांसाठी नॅट्स हे वेगळे पोर्टल आहे. नोंदणीत आधारची पडताळणी होते, शिक्षणाचा तपशील आणि बँक खाते भरावे लागते, त्यानंतर जिल्हा व व्यवसाय निवडून जागा शोधता येतात. इथेच आमची बरीच मुले अडतात, ती नावाच्या एका अक्षरापायी. गुणपत्रिकेवर वडिलांचे पूर्ण नाव, आधारवर नुसते आद्याक्षर आणि बँकेच्या पुस्तकात आडनावाचे तिसरेच लेखन, असे तीन कागद एका विद्यार्थिनीने माझ्यासमोर टेबलावर मांडले होते; तिन्हींत माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी तीन वेगळे. म्हणून नववीत असतानाच आधारवरील नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळवून घ्यावी, मोबाइल क्रमांक आधारला जोडावा, आणि बँकेत जाऊन आपल्या खात्याचे आधार सीडिंग, म्हणजे शासनाचे पैसे त्याच खात्यात जमा होण्याची नोंद, झाले आहे की नाही हे विचारावे. खाते नुसते आधारशी जोडलेले असणे आणि शासनाचे पैसे त्यातच जमा होतील अशी त्याची नोंद असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता करारनाम्याविषयी, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे असते. उमेदवार अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने पालकाची स्वाक्षरी लागते, आणि स्वाक्षरीनंतर सात दिवसांच्या आत त्याचा तपशील आस्थापनेने पोर्टलवर भरायचा असतो. काही काळापूर्वी फिटरचा आयटीआय पूर्ण केलेला आमचा एक माजी विद्यार्थी वडिलांना घेऊन संध्याकाळी घरी आला. वडिलांनी शेवटच्या पानावर सही करून टाकली होती, बाकीची पाने कोणी वाचलेलीच नव्हती. ओसरीवर बसून आम्ही एकेक ओळ वाचली, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात फिटर नव्हते, पॅकिंग होते. त्या करारावर वर्ष काढले असते तर त्याला फिटरचे प्रमाणपत्र मिळाले नसते आणि दोन वर्षांच्या शिक्षणाला जोड मिळाली नसती. सुदैवाने कराराची नोंदणी अजून व्हायची होती, त्यामुळे त्याला नकार देता आला. सही करण्यापूर्वी व्यवसायाचे नाव, प्रशिक्षणाचा कालावधी, दरमहा विद्यावेतन आणि प्रशिक्षणाचे ठिकाण या चार गोष्टी बोट ठेवून वाचाव्यात, आणि नोंदणी क्रमांक मिळाल्यावर कराराची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

विद्यावेतनाचे किमान दर नियमांनी बांधलेले आहेत. २०१९ च्या सुधारित नियमांत पहिल्या वर्षासाठी ते दहावी उत्तीर्णांना दरमहा ६,००० रुपये, तर बारावी किंवा आयटीआय उत्तीर्णांना ७,००० रुपये असे ठरले, आणि दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ धरली गेली. हे किमान आहे. आस्थापना याहून जास्त देऊ शकते, कमी देऊ शकत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र शासन विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, वाटा उचलते, आणि तो आता थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे खात्यात दोन ठिकाणांहून रक्कम येते. आस्थापनेकडून आलेला आकडा कमी दिसला तर घाबरण्याआधी दोन्ही जमा मिळवून पाहाव्यात. मागील महिन्याचे विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळाले पाहिजे.

घर सोडून नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याला राहायचे असेल तर खोलीचे भाडे आणि जेवणाचा हिशेब जाण्याआधीच वहीवर मांडावा, कारण या रकमेत घरी पैसे पाठवता येतीलच असे गृहीत धरणे मुलावर अन्याय करणारे ठरते. घरून ये-जा होईल असे ठिकाण मिळाले तर सुरुवातीला तेच बरे. मुलींच्या बाबतीत २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, हेही हिशेबात धरावे. आणि नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या शासकीय अधिकाऱ्याच्या) पूर्वपरवानगीशिवाय प्रशिक्षण देता येत नाही, ही गोष्ट धास्तावलेल्या आई-वडिलांना आवर्जून सांगावी. वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊ इच्छिणाऱ्या मुलीला केवळ अंतरापायी शिवणकामाकडे वळवू नये, असे माझे कळकळीचे मत आहे.

बारावीनंतर १८ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी राज्य शासनाची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही २०२४ मध्ये सुरू झाली. तिची नोंदणी महास्वयंम पोर्टलवर होते, आणि बारावी उत्तीर्णांसाठी तिच्यात ६,००० रुपये विद्यावेतन ठेवलेले होते. मात्र ती कार्यानुभवाची योजना आहे आणि तिच्या शेवटी व्यवसाय परीक्षा नसते. ठरावीक व्यवसायातील शिकाऊ उमेदवारीच्या शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत २० टक्के जागा रेल्वेच्या आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण करून हे प्रमाणपत्र मिळवलेल्यांसाठी राखलेल्या असतात. इतरत्र प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन आस्थापनेवर कायद्याने नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

अडचण आली, म्हणजे विद्यावेतन थांबले, व्यवसाय सोडून भलतेच काम करून घेतले जाऊ लागले किंवा दुखापत झाली, तर गावातल्या मध्यस्थाकडे जाऊ नये. जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये मूलभूत प्रशिक्षण व आनुषंगिक सूचना केंद्र असते, ज्याला सगळे बीटीआरआय म्हणतात. तिथे सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. अर्जाला कराराची प्रत आणि बँकेच्या पुस्तकाची छायांकित पाने जोडावीत, रोज काय काम केले याची दैनंदिनी ठेवली असेल तर तीही जोडावी, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय त्या टेबलावरून उठू नये.