जुन्या बुलेटचे शॉकअप आणि हँडलचा कोन सेट बदलण्याआधीची तयारी

कास्ट आयर्न इंजिनाची जुनी ३५० बुलेट, तिचे पुढचे-मागचे शॉकअप आणि हँडलचा कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, त्याच्या वाट्या आणि छर्रे), एवढं काम घरी काढायचं असेल तर पान्यांच्या आधी टेप शोधा. गाडी डबल स्टँडवर घ्या. मागचं चाक अधांतरी राहील आणि शॉकअप पूर्ण लांब होईल. आता वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, दोन्ही बाजूंचं. वहीत लिहा, टेप लावलेला फोटो काढा, आणि दुकानात जाताना वही खिशात असू द्या. मागच्या खेपेला माझ्याकडून नेमकं हेच राहिलं, म्हणून ते पहिलं. पुढेही मध्येमध्ये येणार आहे, चिडू नका.

काउंटरवर "बुलेटला बसेल का?" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "बसतो ना भो." बसतोच. दोन बोल्टांत अडकवायचंच असेल तर पुष्कळ काही बसतं. बुलेटच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण १३७० मिलिमीटर. शॉकअप मागच्या ॲक्सलच्या जवळच असतो, त्यामुळे तो एक इंच लांब आला की गाडी मागून जवळपास तेवढीच उचलली जाते आणि पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे शॉकअप, सुमारे एक अंशाने जास्त उभा होतो. एक अंश ऐकायला काहीच नाही. पण हँडलच्या आसाची रेघ जमिनीला जिथे टेकेल तिथपासून चाक प्रत्यक्ष टेकतं तिथपर्यंतचं अंतर, ज्याला ट्रेल म्हणतात, ते ६-७ मिलिमीटरने घटतं, आणि चाकाला आपणहून सरळ ठेवणारी गोष्ट तीच आहे. मग जळगावजवळच्या नशिराबादच्या पुढे मोकळा रस्ता लागला, काटा साठच्या वर गेला, की हँडल थरथरायला लागतं. माणूस टायरला, कोन सेटला आणि शेवटी मेकॅनिकला शिव्या घालत बसतो. दोष टेपचा, टेप न लावणाऱ्याचा.

शिवाय डबल स्टँड. मागचा शॉकअप लांब झाला की स्टँडवर घेतलेल्या गाडीचं मागचं चाक जमिनीला टेकलेलंच राहतं. पंक्चर झाल्यावर ते कळतं, आणि पंक्चर कुठे होतं ते सांगायला नको. आखूड शॉकअप घेतला तर उलटं: हेडलाईट झाडांच्या शेंड्यांवर, आणि डबलसीट असताना गतिरोधकावर स्टँड घासणार. म्हणून माप.

तेवढ्यातच दुसरं एक माप घ्या. कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा, तुम्ही नेहमीच्या कपड्यांत सीटवर बसा, आणि तिसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावं. आधीच्या आणि आताच्या मापातला फरक म्हणजे तुमच्या वजनाने गाडी किती बसते तो. शॉकअप एकूण जेवढा दबू शकतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असला तर ठीक. निम्म्याहून जास्त बसत असेल तर स्प्रिंग थकलेली आहे, आणि नवा शॉकअप घेताना मागे बायको बसते, कापसाची गोणी की कुणीच नाही, हे दुकानदाराला खरं सांगा. बाजूला लटकणाऱ्या डबीवर भाळू नका. डबी दिसते म्हणून आत गॅस असतोच असं नाही.

पैसे मोजण्याआधी फुकटातली तपासणी उरका. टायरची हवा. स्पोक. चाकाचं बेअरिंग. आणि मागच्या चिमट्याचे (मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या भागाचे) बुश: गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा, चिमटा फ्रेमला जोडलाय तिथे, पिव्हटपाशी, आडवा हलताना दिसला तर बुश गेले. बुश गेलेल्या चिमट्याला भारी शॉकअप लावणं म्हणजे पैसे तापीत सोडणं.

आता कोन सेट. ओळख सोपी आहे. पुढचा ब्रेक धरून गाडी पुढे-मागे ढकला, हँडलच्या मुळाशी टक् वाजलं तर ढिला. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मधोमध आलं की अडकल्यासारखं होत असेल तर वाट्यांमध्ये छऱ्यांनी खड्डे पाडलेत. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून खड्डे नेहमी मधल्या जागी पडतात. असा सेट कसून काही होत नाही, बदलायचाच.

जुन्या पद्धतीचे सुटे छर्रे घालायचे की टेपर रोलर, हा वाद चहाच्या टपरीवर घाला. माझं मत टेपरच्या बाजूने आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवर भार छऱ्याच्या एका ठिपक्यावर येण्यापेक्षा रोलरच्या पूर्ण रेघेवर आलेला बरा. पण टेपर सेटची उंची जुन्यापेक्षा वेगळी असू शकते. म्हणून इथेही माप: काढण्याआधी फ्रेमची मान आणि खालची टी (फोर्कच्या दोन नळ्या धरणारा आडवा भाग) यांतली फट व्हर्नियरने मोजा, वरचीही मोजा, वहीत लिहा. वही तीच, शॉकअपच्या मापाखालीच. शॉकअपचं माप लिहिलंय ना? बघा एकदा.

छर्रेच घालणार असाल तर काढतानाच खाली जुनी चादर अंथरा, नाहीतर अर्धे छर्रे अंगणातल्या फटींत जातील. मोजून ठेवा, आणि नवे पूर्ण संचाने घ्या, जुन्यात नवे मिसळू नका. भरताना वाटी गच्च भरायची नाही, थोडी मोकळीक राहिली पाहिजे.

जुन्या वाट्या आतून लांब पंचाने, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं ठोकत काढा. टीच्या दांड्यावरचा खालचा कोन मात्र घरी निघत नाही. छिन्नी-हातोड्याने दांडा खराब करण्यापेक्षा टी पिशवीत घालून लेथवाल्याकडे न्या. तो आज नाही म्हणेल. "घाई कसाले करस भो?" म्हणेल. म्हणून त्याला दोन दिवस आधी सांगून ठेवा, हेही तयारीतच. नव्या वाट्या हातोड्याने बसवायच्या नाहीत. लांब थ्रेडेड रॉड, दोन नट आणि जाड वॉशर आणून ठेवा आणि दाबत सरळ बसवा. वाट्या रात्रभर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवल्या तर सोप्या बसतात, पण घरच्यांना आधी सांगा. आमच्याकडे आंब्याच्या रसाशेजारी बेअरिंग सापडलं तेव्हा बरंच ऐकावं लागलं.

पाने. ही गाडी मद्रासला १९५५ पासून बनायला लागली ती इंग्रजी आराखड्यावर, त्यामुळे जुन्या बुलेटचे बरेचसे नट इंची आहेत. मिलिमीटरचा पाना "जवळपास" बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. इंची पाने उसने आणा, शॉकअपची ताकद बदलायला सी पाना आणा. ग्रीस, चिंध्या, रॉकेल वगैरे तुम्हाला सांगायला नको.

गाडी उभी कशी राहणार याचा विचार आधी करा. डबल स्टँड मागचं चाक उचलतो, पुढचं नाही, आणि पुढचा फोर्क काढला की तोल जातो. बुलेटच्या फ्रेमला इंजिनाखालून नळी जात नाही, इंजिन स्वतःच फ्रेमचा भाग आहे, म्हणून जॅक थेट क्रँककेसखाली येतो. मध्ये जाड फळी हवीच, आणि ऑईलच्या ड्रेन नटवर भार येऊ देऊ नका. धाब्याचं जुनं घर असेल तर सागाच्या तुळईला दोर टाकून गाडी वरून धरून ठेवा, त्याहून भरवशाचा जॅक नाही.

हेडलाईटचा डबा, तो ॲल्युमिनियमचा मोठा ठोकळा ज्यात ॲमीटर आणि दोन छोटे दिवे असतात, तो नुसता डबा नाही. तीच वरची टी आहे, आणि फोर्कच्या नळ्या त्याच्याच आट्यांत वर फिरून बसतात. आत वायरींचा गुंता असतो. प्रत्येक वायरला कागदी पट्टी चिकटवा, आणि फोटो एक नाही, चारही बाजूंनी. नळी पुन्हा चढवताना पहिले आटे हाताने फिरवा. वाकड्या आट्यात पाना लावलात तर ठोकळ्याचे आटे गेले, आणि चांगला जुना ठोकळा शोधायला पुण्याची नाना पेठ किंवा दिल्लीचं करोल बाग गाठावं लागेल.

फोर्कच्या नळ्या काचेवर लोळवून बघा. वाकड्या असतील तर प्रकाशाची फट उघडझाप करते. जिथे सील चालतं तिथे गंजाचे खळगे असतील तर नवं ऑईल सील महिनाभरही टिकणार नाही, आपली काळी माती आत जाऊन कानस मारते. रबरी बूट घाला, दिसायला कसेही दिसोत. ऑईल दोन्ही पायांत अगदी सारखं, मेडिकलमधून मोठी सिरिंज आणून मोजून. ग्रेड आणि प्रमाण मॅन्युअलमधलं. गाडी खाली बसते म्हणून जाड ऑईल ओतायची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडा. वजन स्प्रिंग पेलते. ऑईल फक्त हालचाल मंद करतं, आणि फार जाड झालं तर गतिरोधकांच्या ओळीवर फोर्क वर यायच्या आत पुढचा दणका बसतो. भुसावळच्या मे महिन्यात तेच ऑईल पातळ होतं हे खरं, म्हणून ग्रेडची चाचणी भर थंडीत करून निकाल लावू नका. काम मात्र थंडीतच काढा, पत्र्याखाली ४४ अंशांत कुणाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही.

नवे शॉकअप आणायला निघालात? वही? माप? नव्या शॉकअपला दुकानातच, काउंटरवरच टेप लावा. दुकानदार हसेल, हसू द्या. कुरिअरने मागवत असाल तर पैसे पाठवण्याआधी टेप लावलेला फोटो मागा. फोटो देत नसेल तर दुसरा बघा.

कागदांचं एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल आणि २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ (VA) अक्षरांची नंबरची पाटी घ्यायची मनात असेल, तर ती मूळ रूपात असावी लागते, चॅसी, बॉडी, इंजिनात फेरफार चालत नाही. तेव्हा फ्रेमवर वेल्डिंग मारून नवे कान लावू नका, आणि काढलेला सगळा जुना माल पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. भंगारवाला कितीही गोड बोलला तरी.

आता जोडणी, पटापट. कोन सेट कसताना पुढचं चाक वर. हँडलला मधून हलकासा धक्का दिला की ते आपल्या वजनाने कडेपर्यंत पडलं पाहिजे, आणि फोर्क ओढून खेळ जाणवता कामा नये. फार कसलं तर गाडी संथ वेगात दारू प्यायल्यासारखी झुलते. खालच्या टीचे आणि ॲक्सलचे नट आधी ढिले, फोर्क चार-पाच वेळा दाबून जागेवर बसू द्या, मग कसा. इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय, तशीच चालवू नका. चेनचा ताण पुन्हा बघा. डबल स्टँडवर मागचं चाक उचललं जातंय का, बघा. नसेल तर वही उघडा आणि काय लिहिलं नव्हतं ते आठवा.

स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची हालचाल मंद करणारा दांडा) लावून थरथर लपवू नका. पहिली फेरी एकट्याने, गावाबाहेर, ट्रक नसलेल्या रस्त्यावर. लळिंगचा किंवा कन्नडचा घाट नंतर. दोन-तीनशे किलोमीटर झाले की कोन सेट पुन्हा तपासा, वाट्या बसतात आणि थोडा खेळ येतोच. टेपर असला तरी.