युक्तिवाद सबळ की दुबळा? नावं बदलून बघा

‘कर्नाटकातल्या मराठीबहुल खानापूर तालुक्यात सरकारी नोटिसा मराठीतही काढाव्यात का?’ असा प्रश्न देऊन त्याखालचे युक्तिवाद सबळ की दुबळे हे स्पर्धा परीक्षेत विचारलं की आपलं मन आधीच ‘हो’ म्हणतं आणि गुण तिथेच जातो. तपासायचं एवढंच, की दिलेलं कारण प्रश्नाला थेट भिडतं का. ‘हो, मराठी आमची अस्मिता आहे’ हे दुबळं. ‘हो, नोटीस न समजल्याने हरकतीची मुदत निघून जाते’ हे सबळ. ‘नाही, चुकीच्या भाषांतरातून वाद वाढतात’ हेही सबळच, पटलं नाही तरी! शंका आली तर खानापूरऐवजी जत (महाराष्ट्रातला, कन्नड बोलणारेही असलेला तालुका), मराठीऐवजी कन्नड घालून वाचा. वजन बदललं तर ते भावनेचं होतं. राज्यघटनेचं कलम ३५०अ मात्र इथे आणू नका. ते मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाबद्दल आहे, म्हणजे खरं असूनही गैरलागू.