शेजारचा कुत्रा सारखा अंगणात येतोय? या चुका टाळा

कुत्रा तुमच्या अंगणात उगाच येत नाही. उष्ट्या-खरकट्याचा वास, उकरायला भुसभुशीत माती, दुसऱ्या कुत्र्याने करून ठेवलेली खूण, नाहीतर तुमच्याच घरातली माजावर आलेली कुत्री, यांपैकी काहीतरी त्याला बोलावतं. आणि कुंपणातली कुठलीतरी फट त्याला आत सोडते. ही दोन कारणं शोधायचं सोडून लोक मला थेट विचारतात, "काय फवारू?" मी उलट विचारते, तो आत येतो कुठून? बहुतेकांना सांगता येत नाही.

ते आधी शोधा. मी संध्याकाळी कुंपणाच्या आतल्या कडेने बारीक वाळूचा पातळ थर पसरून ठेवते. सकाळी पंजे उमटलेले दिसतात, वाट कळते. दोन-चार रात्री हे केल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका.

सर्वांत मोठी चूक: वाफ्यात आमंत्रण आणि वर तिखट

हाडांचा चुरा, रक्ताचं खत, मासळीखत ही झाडांसाठी उत्तम खतं आहेत. पण कुत्र्याच्या नाकाला तो पुरलेला खाऊ वाटतो. तुम्ही वाफ्यात हाडांचा चुरा मिसळणार आणि मग कुत्रा गुलाब उकरतो म्हणून त्याला शिव्या घालणार, हे मला अजिबात पटत नाही.

ओळखीतल्या एका घरी नेमकं हेच चाललं होतं. शेजारचा कुत्रा रोज एकच वाफा उकरायचा. त्यांनी मिरचीपूड टाकून झाली, डांबरगोळ्या झाल्या, रंगीत पाण्याच्या बाटल्याही झाल्या. मला बघायला बोलावलं तेव्हा मी कुंपणाकडे गेलेच नाही, आधी खतांची पोती बघितली. हाडांचा चुरा होता आणि त्याच्या शेजारी एरंडीची पेंड. दोन्ही एकत्र करून त्याच वाफ्यात घातलेली. एरंडीच्या बीत रायसिन नावाचं जहाल विष असतं. तेल काढल्यावरही ते पेंडीत राहतं, आणि नीट उष्णता देऊन निकामी केलं नसेल तर तशी पेंड कुत्र्याचा जीव घेऊ शकते. त्यावर नेमका असा उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणं सावरत राहतात. नुसती पेंड एखादा कुत्रा कदाचित हुंगून सोडेल, पण हाडांच्या चुऱ्यात मिसळली की तो चाटूनपुसून खातो.

मी वाफा रिकामा करायला सांगितलं. "रविवारी करू," असं उत्तर आलं. रविवारच्या आधीच कुत्रा उलट्या आणि रक्ती जुलाबांनी आडवा झाला. वेळेवर दवाखान्यात नेला म्हणून वाचला. शेजाऱ्यांचा मात्र आजही ठाम समज आहे की यांनी मुद्दाम विष घातलं. दोन घरांतलं बोलणं कायमचं बंद झालं.

तेव्हा कुत्रं किंवा लहान मूल पोचेल अशा मातीत एरंडीची पेंड नकोच. हाडांचा चुरा घालायचाच असेल तर खोल घाला आणि वर तारेची जाळी अंथरून दगडांनी दाबा. मी स्वतः पालापाचोळ्याचं नीट कुजलेलं खत वापरते. त्याचा वास मातीसारखाच येतो, कुत्रं फिरकत नाही.

घरगुती जालीम उपाय

डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन पोटात गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कुत्र्याच्याही आणि मुलांच्याही. मिरचीपूड पंजांना लागते, पंजा डोळ्याला लागतो, जनावर तळमळत राहतं. आणि एका पावसात ती वाहून जाते. कॉफीचा चोथा आणि कोकोची टरफलं यांतली द्रव्यंही कुत्र्याला विषारी आहेत. ज्या मुक्या जिवाला फाटक उघडं की बंद एवढंच कळतं, त्याचे डोळे जाळून काय साधणार?

रंगीत बाटल्यांनी काही होत नाही. माणसाला न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रं काही कुत्र्यांवर थोडे दिवस चालतात, मग सवय होते.

फिनेलने धुतलं, तरी पुन्हा तिथेच

वासाची ही चूक घरोघरी होते. नर कुत्रा जुन्या खुणेवर नवी खूण करतो. तुम्ही जोराचा वास असलेलं काहीतरी ओतता, तो वास आठवड्यात उडतो, खालचा मुत्राचा वास राहतो. अमोनिया असलेलं क्लीनर तर त्याहून वाईट, कारण मूत्र कुजल्यावर अमोनियाच तयार होतो. आधी भरपूर पाण्याने धुवा, मग एन्झाइमचा, म्हणजे मुत्रातली वासाची द्रव्यंच मोडून टाकणारा क्लीनर लावून बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ ओला राहू द्या. पाचच मिनिटांत पुसून टाकून "उपयोग नाही" म्हणणारे फार भेटतात. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. असा क्लीनर मिळत नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात. झाडांवर आणि संगमरवरावर मात्र नको.

कुंपण

लोक भिंत उंच करतात आणि फाटकाखालची फट तशीच ठेवतात. कुत्र्याचं डोकं गेलं की बहुतेक वेळा अंगही जातं. उडी मारणाऱ्या मोठ्या कुत्र्याला सहा फूट लागतात, पण भिंतीला टेकून लाकडं किंवा कुंड्या रचल्या असतील तर त्याच्या पायऱ्या होतात. आडव्या पट्ट्यांचं कुंपणही चढायला सोपं.

खालून उकरून येत असेल तर जाळी लावताना बाजू चुकवू नका. कुत्रा बाहेर उभा राहून कुंपणाच्या मुळाशी उकरतो, त्यामुळे जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर दोनेक फूट आडवी पसरायला हवी. आत पसरलेली जाळी त्याला अडवायला उशिरा पोचते. बाहेरची जागा शेजाऱ्यांची असेल तर परवानगी घ्या, नाहीतर कुंपणाच्या रेषेतच जाळी फूटभर खोल उभी गाडा.

हालचाल टिपून पाणी उडवणारा फवारा मला मनापासून आवडतो, कुणाला इजा नाही. फक्त त्याची जागा अधूनमधून बदला. कुत्रा फवाऱ्याची हद्द लवकर शिकतो.

राहिलेल्या चुका, थोडक्यात

दगड मारू नका. घाबरलेला कुत्रा चावतो.

मागे धावू नका. त्याला तो खेळ वाटतो.

कधी बिस्कीट, कधी काठी असं करू नका. घरातल्या सगळ्यांनी एकसारखं वागायचं.

मांजराचं उरलेलं खाणं रात्री बाहेर ठेवू नका. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवं.

आणि शेजाऱ्यांकडे वाफा उकरलेला बघून तडक, रागाच्या भरात जाऊ नका. शांत वेळी जा, वेळ दिसेल असा फोटो दाखवा आणि विचारा, "पहाटे याला कोण सोडतं?" बऱ्याच मालकांना आपला कुत्रा बाहेर पडतो हेच माहीत नसतं. जाळीचा खर्च निम्मा-निम्मा करायची तयारी दाखवा. एवढ्यावरही ते ऐकत नसतील तर तारीख घालून लेखी कळवा, प्रत्येक वेळचे फोटो जपून ठेवा आणि तक्रार स्थानिक प्रशासनाकडे न्या. कुत्र्याला स्वतः पकडून दूर नेऊन सोडायचा विचारही करू नका.