सॅम्पलर माझ्याकडे आणण्याआधी या चुका टाळा

दसरा जवळ आला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरत नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की नाटकांचा मोसम लागतो, तो होळीपर्यंत. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, प्रयोग रात्रभर चालतात, आणि पावसाळाभर माळ्यावर पडलेलं सामान संगीतवाले एकदम खाली काढतात. त्यात ऑर्गन असतो, ऑक्टोपॅड असतो, आणि काही जुन्या मंडळींकडे सॅम्पलर असतो, म्हणजे आवाज भरून ठेवायचा आणि बटण दाबलं की वाजवायचा, असं यंत्र. स्टुडिओवाल्यांनी कॉम्प्युटर घेतल्यावर मुंबई-नागपूरहून सेकंडहँडमध्ये इकडे आलेला अकाई कंपनीचा एस९५० किंवा एस२०००, क्वचित एमपीसी२०००. विजेचा कडकडाट, घोड्याच्या टापा, कोर्टातला हातोडा, भुताचं हसणं, सगळं त्यातून वाजतं.

यंत्रं तीस-पस्तीस वर्षांची, कुरकुर करणारच. पण माझ्या टेबलावर वयानं बिघडलेली कमी आणि मालकानं बिघडवलेली जास्त येतात.

बुरशी लागलेली फ्लॉपी तशीच घालणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सगळ्यात आधी.

एस९५० हा १९८८ चा, १२ बिटांचा. पोटात ७५० केबी मेमरी, पूर्ण वाढवली तर सव्वादोन एमबी, आणि वीज गेली की ती मेमरी कोरी. म्हणजे तुमचा आवाज यंत्रात नसतोच, फ्लॉपीत असतो. पण लोक यंत्र शालीत गुंडाळून ठेवतात आणि फ्लॉप्या पत्र्याच्या पेटीत, धानाच्या पोत्यांशेजारी.

काही वर्षांपूर्वी एक वादक काका एस९५० आणि चौदा फ्लॉप्या घेऊन आले. पेटी उघडली तर कोंदट वास. चार फ्लॉप्यांवर त्यांच्या थोरल्या भावाची ढोलकी होती, बाकीच्यांवर नाटकाचे इफेक्ट. थोरले भाऊ वारलेले. "एवढं करून द्या जी, परवा वडशाले मुहूर्त आहे." मीही घाई केली. पहिली फ्लॉपी घातली, आतून खर्रर्र, स्क्रीनवर एरर. वाटलं, हीच खराब असेल. दुसरी घातली, तीच खरखर. तिसरी, चौथी. सहाव्या फ्लॉपीला काकाच म्हणाले, "आवाज काहून असा येऊन रायला जी?" तेव्हा कुठे मी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण बोटानं सरकवलं आणि चकती बल्बसमोर धरली. तपकिरी चकतीवर केसाएवढी गोल रेघ, आणि त्या रेघेतून बल्बचा उजेड आरपार येत होता. तिथला थरच खरवडून निघाला होता.

झालं होतं असं, की पहिल्या फ्लॉपीवरची बुरशी ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या टोकाला, चिकटली. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते आणि हेड तिला टेकलेलं असतं. हेडवर जमलेला मळ पुढच्या प्रत्येक चकतीवर पॉलिश पेपरसारखा फिरला. सहा फ्लॉप्या गेल्या, त्यातल्या दोन ढोलकीच्या. काका काही बोलले नाहीत, उरलेल्या आठ पेटीत परत लावून बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता माझ्याकडे कोणतीही फ्लॉपी आधी तिरप्या उजेडात जाते. झाकण सरकवून मधला गोल हळूहळू फिरवत पूर्ण फेरा पाहतो, दोन्ही बाजूंनी. पांढुरके ठिपके, जाळी किंवा ढगासारखा डाग दिसला की ती ड्राइव्हजवळ जात नाही. कवच कडेनं उकलतो, चकती बाहेर काढतो, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या चष्म्याच्या कापडानं हलक्या हातानं पुसतो, वाळू देतो आणि चांगल्या फ्लॉपीच्या कवचात बसवतो. जुनं कवच फेकून द्या, त्याच्या आतल्या अस्तरात बुरशी तशीच असते. वाचण्यासाठी भंगारातून आणलेली वेगळी ड्राइव्ह वापरतो, आणि दर फ्लॉपीनंतर हेड पुसतो. एका फ्लॉपीला अर्धा तास लागतो. एवढा वेळ नाही असं जो म्हणतो, त्याचं काम मी घेत नाही.

"कॉम्प्युटरला दिसत नाही, म्हणजे कोरी आहे"

पहिल्या चुकीची ही सख्खी बहीण. पोरगं यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह लॅपटॉपला लावतं, त्यात अकाईची फ्लॉपी घालतं, विंडोज विचारतं की फॉरमॅट करू का, आणि पोरगं हो म्हणतं. संपलं.

कॉम्प्युटरच्या १.४४ एमबी फ्लॉपीत एका ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या एका गोल पट्टीवर, ५१२ बाइटचे १८ सेक्टर (तुकडे) असतात. अकाई त्याच फ्लॉपीवर १०२४ बाइटचे १० लिहितो, म्हणून तिच्यावर १.६ एमबी मावतात. यूएसबी ड्राइव्हला ही मांडणी कळत नाही. यात फ्लॉपीचा काही दोष नाही. मी जुन्या कॉम्प्युटरमधली साधी ड्राइव्ह ग्रीसवीझल नावाच्या छोट्या बोर्डाला जोडतो आणि फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत काढतो. आधी प्रत, मग यंत्राला पेचकस. फ्लॉपीचा लिहिण्याचा खटकाही आधीच सरकवून ठेवा, म्हणजे चुकून हो म्हटलं तरी वाचाल.

गोटेक बसवताना

फ्लॉपी ड्राइव्ह काढून गोटेक बसवणं, म्हणजे पेनड्राइव्हवरून फ्लॉपी चालवणं, हे काम मी स्वतः सगळ्यांना सुचवतो. काम दहा मिनिटांचं आहे असं मात्र कोणी म्हटलं की मला राग येतो. केबल उलटी लागली तर दिवा सतत पेटून राहतो. बघितलं की लगेच बंद करून केबल फिरवा, बहुतेक वेळा काही बिघडत नाही. कॉम्प्युटरच्या केबलला मध्ये पीळ असतो, सॅम्पलरची केबल बहुधा सरळ असते, म्हणून गोटेकवरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) बदलावा लागतो. चौतिसाव्या पिनवर कॉम्प्युटरला 'डिस्क बदलली' हा सिग्नल हवा असतो, कित्येक सॅम्पलरांना 'ड्राइव्ह तयार आहे' हा. गोटेकमध्ये फ्लॅशफ्लॉपी नावाचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) टाकलं की सेटिंगच्या फाइलीत हे एका ओळीत बदलता येतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा.

खरा धोका पॉवरच्या चार तारांत आहे. गोटेकला फक्त ५ व्होल्ट लागतात, पण ड्राइव्हच्या कनेक्टरवर बऱ्याचदा १२ व्होल्टही असतात. कनेक्टर एक पिन सरकून बसला की गोटेकचा धूर. मल्टिमीटरनं मोजल्याशिवाय मी ती तार लावत नाही, त्याच मॉडेलचं आधीचं काम मीच केलेलं असलं तरी.

जपानी यंत्र थेट बोर्डात लावणं

गेल्या मोसमाआधीची गोष्ट. एका धुमालवाल्याच्या (धुमाल म्हणजे आमच्याकडचं वरातीतलं वाजवणारं पथक) पुतण्यानं जपानहून सेकंडहँड कीबोर्डवाला सॅम्पलर मागवला. तिकडे घरात वीज १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. त्याची चपटी पिन आपल्या सॉकेटात बसत नाही. तिथेच थांबायचं होतं. पठ्ठ्यानं बाजारातून बदलीची पिन आणली. ती पिन फक्त आकार बदलते, व्होल्टेज नाही.

यंत्र माझ्याकडे आलं तेव्हा पिशवीतूनच जळक्या व्हार्निशचा वास येत होता.

"काय झालं?"

"चालू केलं तं फ्यूज उडाला जी."

"मग?"

"दुसरा टाकला, तोही उडाला. मंग तार टाकली."

फ्यूज उघडून पाहिला. काचेच्या नळीवरून दोन्ही टोपणांना गुंडाळलेली तांब्याची तार, पंख्याच्या वायरमधली, तीन पदरी. १०० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला २३० दिले की त्याचा कोअर भरून जातो आणि प्रायमरी, म्हणजे विजेकडची गुंडाळी, नुसता करंट ओढत सुटते. फ्यूजनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्याचं तोंड बांधलं. ट्रान्सफॉर्मर कोळसा झाला. सेकंडरीचे, म्हणजे यंत्राकडच्या गुंडाळीचे, आकडे बोर्डावर छापलेले होते म्हणून नागपूरहून २३० चा नवा गुंडाळून आणता आला. पुढच्या आयसी नशिबानं वाचल्या. आत स्विचिंगची पॉवर असती, तर २३० चं डीसी होऊन सव्वातीनशे व्होल्ट तयार झाले असते, आणि १०० च्या हिशेबानं बसवलेला मोठा कंडेन्सर तिथेच फुटला असता.

म्हणून माझ्याकडे प्रत्येक अनोळखी यंत्र पहिल्यांदा सिरीज बोर्डावर चालू होतं. साधा बोर्ड, मध्ये शंभर वॅटचा पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायचं, फटफटीत पेटून राहिला तर बंद करायचं. नव्या पोरांना हा बोर्ड जुनाट वाटतो. माझ्या गुरूंनी पहिल्या दिवशी मला तोच बनवायला लावला होता.

मागचं लेबल वाचा. १०० असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि त्याच्यावर मार्करनं यंत्राचं नाव लिहा, कारण मंडपात कोण कुठली पिन कुठे खुपसेल याचा नेम नाही. रात्री शेतातले पंप बंद झाले की लाईन चढते, त्यामुळे स्टॅबिलायझर हवाच. आणि जनरेटर सुरू होऊन स्थिरावल्याशिवाय सॅम्पलर चालू करू नका.

सगळे कंडेन्सर बदलून टाकणं

एक व्हिडिओ पाहायचा आणि ऐंशी कंडेन्सरची पिशवी घेऊन बसायचं, ही नवी साथ आहे. आधी ५ आणि अधिक-उणे १२ व्होल्टच्या लाइनी मोजा, मीटर एसीवर ठेवून त्यांच्यावर रिपल (डीसीवर राहिलेली एसीची लहर) किती आहे ते बघा. मी पॉवर सप्लायमधले फिल्टर कंडेन्सर बदलतो, १०५ डिग्रीवाले टाकतो, कारण उन्हाळ्यात इथला पारा ४५ च्या वर जातो आणि यंत्र पत्र्याच्या खोलीत असतं. ज्यांच्या बुडाशी ओल किंवा हिरवट डाग आहे, तेही बदलतो. बाकीच्यांना हात लावत नाही. ६० वॅटच्या सोल्डरिंगनं ओढून काढताना ट्रॅक उखडला, तर कंडेन्सर पाच रुपयांचा आणि दुरुस्ती दोन दिवसांची.

बाकीच्या, एकेका ओळीत

बटणांत आणि व्हॉल्यूममध्ये डब्ल्यूडी-४० मारू नका, आठवडाभर बरं वाटतं आणि मग धुळीचा चिखल होतो. कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, दबलेलं बटण असेल तर सरळ बदला.

सोल्डर केलेल्या लिथियम सेलला थेट तापवू नका, फुटतो. पट्ट्या कापून काढा आणि जागी होल्डर बसवा, पुढच्या वेळी काम दोन मिनिटांचं होईल.

एस९५० ची स्क्रीन अंधारली म्हणजे ती मेली असं नाही, मागचा उजेडाचा कागद म्हातारा झाला आहे. त्याला शंभरेक व्होल्ट एसी जातात, तेव्हा यंत्र चालू ठेवून तिथे बोट घालू नका. एलईडी बसवणार असाल तर तो छोटा इन्व्हर्टर आधी सोडवा.

एस२००० ची मेमरी २ एमबीची ३२ करता येते. ७२ पिनचा जुना सिम (मेमरीची पट्टी, मोबाइलचं नव्हे) खाचेकडे पाहून तिरपा घाला, मग उभा करा, जोर लावला की सॉकेटचे कान तुटतात. पिन काळ्या असतील तर शाळेतलं खोडरबर फिरवा. पॉलिश पेपर नाही.

स्कझीला (हार्डडिस्क वगैरे साखळीत जोडायच्या जुन्या जोडणीला) कार्ड लावलंत तर साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन (टोक बंद करणारे रेझिस्टर) आणि प्रत्येकाचा आयडी वेगळा. 'दिसत नाही' म्हणून येणाऱ्या यंत्रांत मी आधी हेच पाहतो.

आणि मोटरसायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधून आणू नका. मागे बसणाऱ्याच्या मांडीवर, खाली उशी.

दसऱ्याला रांग लागते, सुटा माल नागपूरहून यायला चार दिवस जातात. पोळ्याच्या आसपास आणलंत तर मला फ्लॉप्या एकेक करून उजेडात पाहायला वेळ मिळतो. ते काका आता पोळ्याच्या पाडव्यालाच येतात, उरलेल्या आठ फ्लॉप्यांच्या प्रती पेनड्राइव्हवर आहेत तरी पेटी सोबत आणतात.